बंदुकीवरचे शिक्के घासून काढू नका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत एका जुन्या वाड्यात सापडलेल्या बंदुकीचा फोटो आला आहे. खाली ओळ आहे, '१८५७ च्या उठावात वापरलेली बंदूक'. भाच्याने ते कात्रण मला इकडे बर्मिंगहॅमला पाठवले. फोटो मोठा करून पाहिला आणि लगेच हे पत्र लिहायला घेतले.

ही बंदूक १८५७ ची असूच शकत नाही. तिच्या चापाच्या मागे खाली वळणारी लांब लिव्हर आहे आणि बाहेरच्या अंगाला घोडा नाही. ही मार्टिनी-हेन्री आहे. ब्रिटिश सैन्याने ती १८७१ मध्ये स्वीकारली, म्हणजे उठावानंतर चौदा वर्षांनी. १८५७ मध्ये ज्या एनफिल्डच्या काडतुसांवरून भडका उडाला ती १८५३ च्या नमुन्याची, ठासणीची, तोंडाकडून भरायची रायफल होती. फोटोत बंदुकीच्या उजव्या बाजूला मुकुट दिसतो, त्याखाली व्ही. आर. ही राणी व्हिक्टोरियाची अक्षरे, मग एनफिल्ड, मग १८८१ आणि खाली रोमन तीन. तिसरी आवृत्ती १८७९ पासूनची. बंदुकीने आपली जन्मतारीख स्वतःच सांगितलेली आहे.

एवढ्यावर मी पत्र लिहिले नसते. फोटोखालच्या ओळी घाईत लिहिल्या जातात हे मी जाणतो. पण त्याच मजकुरात शेवटी म्हटले आहे की मालक आता ती 'गंज काढून, पॉलिश करून' दिवाणखान्यात लावणार आहेत. कृपा करून त्यांना थांबवा. गंज काढणारी काच-कागदाची पट्टी मुकुट आणि तारीख यांच्यावरूनही फिरते. एकदा ते गेले की जगातला कोणताही जाणकार ते परत आणू शकत नाही.

मी निवृत्त टूलमेकर आहे. नोकरीची सारी वर्षे पंच, डाय आणि गेज बनवण्यात गेली. बर्मिंगहॅमच्या स्मॉल हीथ भागात बी. एस. ए. (बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स) या बंदूक-कंपनीचा कारखाना होता तो परिसर माझ्या कामावर जाण्याच्या वाटेवर. १८६१ मध्ये इथल्या चौदा बंदूक-कारागिरांनी एकत्र येऊन ती कंपनी काढली होती. जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलींचा नाद मला तिथूनच लागला, आणि खरे सांगायचे तर बंदुकीपेक्षा तिच्यावरच्या ठशांचा जास्त. पंच, म्हणजे ठसा मारायची पोलादी कांडी, पोलादावर बसला की धातू बाजूला सरकतो आणि ठशाच्या काठाला बारीक उंचवटा येतो. नखाने तो जाणवतो. पॉलिश केलेल्या बंदुकीवर हा काठ गेलेला असतो. नकली ठशात तो अगदी ताजा असतो आणि खळग्याच्या तळाशी लोखंड चकाकते, कारण ठसा रंग चढवून झाल्यावर मारलेला असतो. कोणता ठसा आधी आणि कोणता नंतर पडला, हेही एकमेकांवर चढलेल्या काठांवरून कळते.

इथला कायदाही थोडक्यात सांगतो, कारण 'घरात बंदुका ठेवता?' असे नातेवाईक काळजीने विचारतात. १९६८ च्या ब्रिटिश फायरआर्म्स अ‍ॅक्टच्या कलम ५८ प्रमाणे जुनी बंदूक निव्वळ शोभेची वस्तू म्हणून परवान्याशिवाय ठेवता येते. २०२१ च्या नियमांनी त्याची व्याख्या पक्की केली. बनावट १ सप्टेंबर १९३९ पूर्वीची हवी आणि काडतूस कालबाह्य ठरलेल्यांच्या यादीतले हवे. स्नायडर (एनफिल्डच्या नमुन्यावरून केलेली, मागून भरायची रायफल) आणि मार्टिनी-हेन्री यांची काडतुसे त्या यादीत आहेत. .३०३ इंच व्यासाच्या नळीची, नंतरच्या काळातली ली-एनफिल्ड रायफल मात्र शंभर वर्षांची असली तरी चालू स्थितीत परवान्याशिवाय ठेवता येत नाही. भारतातला कायदा वेगळा आहे. वाड्यात बंदूक सापडली तर आधी पोलीस ठाण्यात कळवावे. आणखी एक गोष्ट जिवाची आहे. ठासणीची जुनी बंदूक पुष्कळदा भरलेलीच राहिलेली असते, आणि आतली काळी दारू शंभर-दीडशे वर्षांनीही पेटू शकते. म्हणून ती रिकामी आहे अशी माहितगाराने खात्री करेपर्यंत कुणी तिचा घोडा ओढून पाहू नये.

आता ठशांकडे येतो. ब्रिटिश सरकारी मालाची सर्वांत जुनी आणि सोपी खूण म्हणजे तीन रेघांचा रुंद बाण. तो दिसला की वस्तू सरकारी खात्याची. तसे दोन बाण टोकाला टोक लावून मारलेले दिसले, तर सरकारने ती विकून टाकली किंवा सेवेतून काढली. मुकुटाखालची अक्षरे राजाची. व्हिक्टोरिया राणी जानेवारी १९०१ मध्ये वारली, सातवा एडवर्ड मे १९१० मध्ये. तेव्हा व्ही. आर. आणि त्याखाली १९०७ असे ज्या बंदुकीवर असेल ती ब्रिटिश कारखान्यातली नव्हे. अशा बंदुका हजारोंनी आहेत. खैबर घाटाच्या बाजूला, आजच्या पाकिस्तानातल्या दर्रा आदमखेल इथे लोहार पिढ्यान् पिढ्या कानस आणि हातोडीवर हुबेहूब नकला करत आले. २००१ नंतर अफगाणिस्तानात गेलेले कित्येक ब्रिटिश सैनिक अशा नकला आठवण म्हणून घरी घेऊन आले. त्यांच्यावरचा मुकुट चेपलेला असतो, एन उलटा असतो, एनफिल्डचे स्पेलिंग चुकलेले असते, अक्षरे एका रेषेत नसतात. इथले संग्राहक त्यांना हसतात. मला ते पटत नाही. ज्याला ती अक्षरे वाचता येत नव्हती त्याने केवळ नजरेने पाहून ती पोलादावर उतरवली, हे हाताचे कसब आहे. फक्त त्या बंदुकीतून गोळी झाडू नये आणि ती राणीच्या काळातली म्हणून विकू नये.

ठासणीच्या एनफिल्डवर घोड्याशेजारच्या लोखंडी पट्टीवर कधी एनफिल्ड लिहिलेले असते, कधी टॉवर. टॉवर वाचून लोकांना वाटते, बंदूक लंडनच्या किल्ल्यात बनली. तसे नाही. खाजगी कारागिरांकडून कंत्राटावर बनवून घेतलेल्या बंदुकांवर तो शिक्का असे, आणि त्यांतल्या कितीतरी आमच्या बर्मिंगहॅमच्या. हा फरक मला फार मोलाचा वाटतो. १८५० च्या दशकात एनफिल्डच्या सरकारी कारखान्यात अमेरिकेहून यंत्रे आली आणि एका बंदुकीचा भाग दुसरीला बसू लागला. बर्मिंगहॅमचा कारागीर मात्र प्रत्येक भाग हाताने घासून बसवत होता. म्हणून टॉवरची बंदूक उघडली की स्क्रूच्या माथ्यावर, कड्यांच्या आतल्या अंगाला, पट्टीच्या मागे कानशीच्या बारीक खुणा दिसतात. कुठे दोन आडव्या रेघा, कुठे तीन. ज्या बंदुकीचा भाग त्याच बंदुकीत परत जावा म्हणून कारागिराने केलेल्या या खुणा. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या आपल्याच पेशातल्या माणसाच्या हाताच्या. त्या पाहताना मी वेळेचे भान विसरतो.

याच घराण्यातली एक बंदूक मराठी वाचकांनी जरूर ओळखायला शिकावी. बाहेरून ती १८५३ च्या एनफिल्डसारखीच दिसते. पण नळीत डोकावले तर गोळीला फिरकी देणारे आटे नाहीत, आत सगळे गुळगुळीत. नळीचा व्यास .५७७ इंचांऐवजी सुमारे .६५ इंच. आणि लांबचा नेम धरण्यासाठी वर उभी करायची आकड्यांची पट्टी काढून तिथे एक साधी खाच ठेवलेली. उठावानंतर हिंदी शिपायांच्या हातात मुद्दाम ही दिली गेली. गोऱ्या शिपायाच्या रायफलीवर ९०० वारांपर्यंतचे आकडे होते. हिंदी शिपायाच्या हातातली बंदूक शंभर वारांपलीकडे भरवशाची नव्हती. कारखान्याला चांगले करता येत नव्हते असे नाही, मुद्दाम कमी केलेले होते. राज्यकर्त्यांच्या मनातली भीती समजून घ्यायला मोठे ग्रंथ आहेत, पण ती त्या नळीत बोट घालूनही कळते. पुढेही हाच क्रम राहिला. गोऱ्या पलटणींना मार्टिनी मिळाली तेव्हा हिंदी पलटणींना स्नायडर आणि गोऱ्यांना तिच्यापुढची ली-मेटफर्ड मिळाली तेव्हा हिंदी पलटणींना मार्टिनी. म्हणून बंदुकीवरची निर्मितीची तारीख एक आणि पलटणीच्या शिक्क्याजवळची तारीख तिच्यापुढे कित्येक वर्षांची, असे आपल्याकडच्या हत्यारांवर वारंवार आढळते.

पलटणीच्या शिक्क्यांवर थोडे सविस्तर लिहितो, कारण पॉलिशचा पहिला बळी तेच असतात. मार्टिनीवर ते कुंद्याच्या टोकाच्या लोखंडी पट्टीवर, वरच्या जिभेवर मारलेले असतात. ली-एनफिल्डच्या कुंद्याला उजव्या बाजूला रुपयाएवढी पितळी चकती असते, तिच्यावर पलटण, हत्याराचा क्रमांक, कधी महिना आणि वर्ष. पहिल्या महायुद्धात घाई वाढली तशा या चकत्या लावणे बंद झाले, त्यामुळे त्या असलेल्या रायफलीला आज मान आहे.

मध्यंतरी इथल्या एका हत्यारांच्या जत्रेत अशी एक ली-एनफिल्ड टेबलावर पडलेली पाहिली. चकतीवर ११७, त्याला लागून मराठा पलटणीचे संक्षिप्त रूप, खाली हत्याराचा क्रमांक. विक्रेत्याच्या चिठ्ठीवर एवढेच लिहिले होते, 'भारतीय, तपशील नाही'. तपशील त्याच्या डोळ्यांसमोर होता. १९०३ च्या फेररचनेत मुंबई लष्कराच्या पलटणींच्या जुन्या आकड्यात शंभर मिळवले गेले. तिसरी झाली १०३ वी, पाचवी १०५ वी, दहावी ११० वी, सतरावी ११७ वी. १९२२ मध्ये हे आकडेही गेले आणि सगळ्या पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तुकड्या झाल्या. म्हणजे ११७ चा शिक्का १९०३ ते १९२२ याच काळातला. आणि ११७ वी मराठा ही सहाव्या, म्हणजे पुणे डिव्हिजनमधली पलटण. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुत अल-अमारा इथे ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ एवढा काळ वेढ्यात अडकलेल्या सैन्यात ती होती. १०३ वी आणि ११० वीही होत्या. त्या शिपायांनी तिथे काय भोगले, उपासमार काय आणि नंतरचा तुर्कांचा तुरुंगवास काय, हे सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडच्या घरांना वेगळे सांगायला नको.

मी त्या विक्रेत्याला हे सांगितले. ती रायफल कुतला होतीच असे मात्र सांगितले नाही, कारण चकतीवरून तसे सिद्ध होत नाही. पलटणीच्या दुसऱ्या रायफली मागे डेपोतही असत. शिवाय चकती एका स्क्रूवर बसते आणि बदलता येते. म्हणून स्क्रूची खाच चेपलेली आहे का, चकतीभोवतीच्या लाकडाचा रंग सलग आहे का, हे आधी बघावे लागते. इथे दोन्ही ठीक होते. तो माणूस मन लावून ऐकत होता आणि शेवटी म्हणाला, 'बरे झाले सांगितलेत, मी ही चकती आज रात्री ब्रासोने (पितळेच्या पॉलिशने) चमकवणार होतो.'

.३०३ च्या रायफलींवर तर थरांवर थर असतात. ली-एनफिल्डची १९०७ ची तिसरी आवृत्ती, मग १९१६ पासून रोमन तीनच्या पुढे तारा. युद्धाच्या घाईत मॅगझिन (काडतुसांची पेटी) बंद करणारी पट्टी आणि डाव्या अंगाचे लांब पल्ल्याचे नेमयंत्र वगळले, त्याची ही खूण. एच. व्ही. असेल तर ती रायफल टोकदार, वेगवान सातव्या नमुन्याच्या गोळीसाठी तयार केलेली. त्या गोळीचा वेग सेकंदाला सुमारे २,४४० फूट, आधीच्या बोथट सहाव्या नमुन्याचा बराच कमी. १९१४ मध्ये हिंदी फौजा फ्रान्समध्ये मार्सेलला उतरल्या तेव्हा जुन्या गोळीसाठीच्या त्यांच्या रायफली बदलून त्यांना नव्या दिल्या गेल्या, त्यामागे हेच कारण. बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यातल्या रायफलींवर जी. आर. आय. (राजा जॉर्ज, सम्राट) आणि ईशापूर, तर प्रजासत्ताकानंतर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आणि आर. एफ. आय. (रायफल फॅक्टरी ईशापूर). तिथल्या पुष्कळ रायफलींच्या लाकडातून मॅगझिनच्या पुढे एक आडवा स्क्रू आरपार गेलेला दिसतो. लाकूड फाटू नये म्हणून केलेली ही मजबुती दुरून पाहूनही ईशापूर ओळखवते. डी. पी. म्हणजे फक्त कवायतीसाठी, झाडायची नाही. एफ. टी. आर. आणि वर्ष म्हणजे कारखान्यात पूर्ण उघडून दुरुस्त केलेली. नळीवर बी. एन. पी. आणि मुकुट म्हणजे विक्रीपूर्वी बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसमध्ये, म्हणजे बंदुकांच्या नळ्यांची चाचणी घेणाऱ्या संस्थेत तपासलेली. ते प्रूफ हाउस १८१३ पासून आजही चालू आहे.

कंपनी सरकारच्या काळातल्या बंदुका याहून जुन्या. त्यांच्यावर हृदयाच्या आकारात कंपनीची अक्षरे असलेला शिक्का असतो, तोच जो कापडाच्या गाठींवर मारला जाई. सुमारे १८०८ नंतर त्याची जागा मुकुट धरून उभ्या राहिलेल्या सिंहाने घेतली. मराठ्यांशी झालेल्या शेवटच्या युद्धाच्या, १८१७-१८ च्या काळातल्या कंपनीच्या बंदुकांवर हा सिंह सापडतो. असा सिंह असलेली बंदूक आपल्याकडच्या एखाद्या छोट्या संग्रहालयात 'शिवकालीन' म्हणून ठेवलेली दिसली तर वाईट वाटते. शिवकालाची थोरवी त्याने वाढत नाही, आणि १८१७ ची साक्ष मात्र बुडते.

शेवटी नेपाळविषयी, कारण तिथे मराठी वाचक इंग्रज संग्राहकांपेक्षा पुढे आहे. २००३ मध्ये काठमांडूच्या लगन सिलेखान्यातून (शस्त्रागारातून) नेपाळी लष्कराचा जुना साठा एका अमेरिकी व्यवहारात विकला गेला. ठासणीच्या बंदुका, स्नायडर, मार्टिनी, नेपाळातच बनलेल्या गहेंद्र रायफली असे हजारो नग. तेव्हापासून ते इंग्लंड-अमेरिकेत काहीशे पौंडांना मिळतात. त्यांच्यावर पलटणींची नावे आणि क्रमांक देवनागरीत आहेत! इथल्या कॅटलॉगमध्ये मी 'अज्ञात पौर्वात्य लिपी' असे वाचले आहे. ४ ला ते आठ समजतात, १ ला नऊ. जे आपल्या पहिलीतल्या मुलाला वाचता येते त्यावर इथे तज्ज्ञ अडून बसतात. वर्ष दिलेले असेल तर ते विक्रम संवतातले असते, त्यातून ५६ किंवा ५७ वजा करायचे. ज्या मराठी तरुणांना या विषयाची आवड असेल त्यांनी इथे हात घालावा. मोठे काम पडून आहे.

संपादक महोदय, माझी मागणी साधी आहे. आपल्या दैनिकाने फोटोखालची ओळ दुरुस्त करावी. जुन्या वस्तूंच्या बातम्या देताना वार्ताहरांनी बंदुकीवरची अक्षरे आणि आकडे जसेच्या तसे छापावेत, अर्थ मागाहून लावता येतो. आणि जिल्ह्याजिल्ह्यांतल्या संग्रहालयांनी आपल्या नोंदवहीत 'ब्रिटिश बंदूक, नग १' एवढे लिहून थांबू नये. प्रत्येक ठशाचा फोटो काढावा. बॅटरी आडवी, पृष्ठभागाला लागून धरली की पुसट ठसाही उठून दिसतो. खळग्यात खडूची पूड हलकेच भरली तर आणखी चांगला. लोखंडाला पातळ तेलाचा फडका पुरेसा आहे. लाकडाला पॉलिश पेपर नको, पितळेला चिंच नको. असे फोटो आपल्यामार्फत माझ्याकडे आले तर जमेल तेवढे वाचून देईन, त्याचे काही घेणार नाही.

आणि त्या वाड्याच्या मालकांना एवढे जरूर विचारा : कुंद्याच्या टोकाला जी लोखंडी पट्टी आहे, तिच्या वरच्या जिभेवर काही आकडे आहेत का? आणि उजव्या बाजूला लाकडात दाबलेला गोल ठसा शिल्लक आहे का? तुमच्या फोटोत नेमका तेवढा भाग कापला गेला आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त टूलमेकर, बर्मिंगहॅम